बाभळीचा दांडा

लोणावळ्याच्या माळावर साहेबलोक विलायती काठ्यांनी गोल्फ खेळत. मी खेळायचो बाभळीच्या दांड्याने. गावच्या सुताराने बैलगाडीच्या चाकासाठी ठेवलेल्या लाकडातून तो घडवला होता. चेंडू भलतीकडेच जाई, पण फटका बसला की सुख थेट खांद्यापर्यंत चढे. आकडे मोजायचेत त्यांनी खुशाल मोजावेत!

माझ्या मेहुण्याला जिंकायचंच वेड. एकदा आम्ही जोडीने खेळून माझ्या फटक्यांपायी हरलो, तेव्हा "हे सरपण चुलीत घाल!" असं ओरडत त्याने दांडा हिसकावला आणि मोडायला म्हणून कातळावर दाणकन आपटला. विलायती काठीचे तुकडे झाले असते. बाभूळ उसळली आणि त्याच्याच तोंडावर बसली. दोन दात पडले.

तो रक्त थुंकत मला शिव्या घालत होता. मी दांडा त्याच्याच सदऱ्याला पुसला आणि आणखी एक चेंडू हाणला. चेंडू ओढ्यात गेला. इतका गोड फटका मी जन्मात मारला नव्हता.