बाटलीवरचा आकडा

कोपरहून निघाले त्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती, बॅगा डिकीत गेल्या होत्या, आणि मी "झेरॉक्स काढून येते" म्हणून खाडीच्या बाजूला सटकले होते. एक सिगारेट ओढली, बडीशेप चघळली, परत आले. आईने माझा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं, लेक परदेशी चालली म्हणून. "जपून राहा गं," एवढंच म्हणाली.

ऐरोलीच्या ऑफिसात लागलेली सवय मी आठ वर्षं घरापासून लपवली होती. समीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लग्नाआधीच सांगितलं होतं, ठाण्यात तलावपाळीवर बसून. तो म्हणाला होता, "सोडशील तेव्हा मी आहे ना." या एका वाक्यावर मी लग्न केलं म्हटलं तरी चालेल.

इथे लीड्सला आल्यावर ठरवलं, आता सोडायचीच. त्यासाठी इथे बरेच जण व्हेप वापरतात. तिकडे त्यावर बंदी, म्हणून मागे राहिलेल्यांसाठी सांगते: पेनाएवढं यंत्र, त्यात निकोटिनचं लिक्विड भरायचं आणि धुराऐवजी वाफ ओढायची. बाटल्यांवर तीन, सहा, बारा, अठरा असे आकडे; आकडा मोठा तेवढं निकोटिन जास्त. मी लाजत तीनची मागितली. आपल्याला सवयच असते, वाईट गोष्ट मागायची तर थोडीशीच मागायची. दुकानातल्या बाईने विचारलं, उठल्यावर पहिली किती वेळात? दिवसाला किती? पहिली चहाबरोबर, दिवसाला पंधरा, मी खरं सांगितलं. कपाळाला आठी न घालता हे ऐकणारी ती पहिलीच बाई. ती म्हणाली, तीन घेतलीस तर दिवसभर ओढत बसशील आणि आठवड्यात पुन्हा सिगारेट पेटवशील. अठराने कदाचित गरगरेल. बारापासून सुरू कर, जमलं की तुझी तूच खाली उतर.

बारा मानवली. तीन आठवडे सिगारेटला हात लावला नाही. समीर इतका खूश, की बाटली आणायचं आणि यंत्र भरून ठेवायचं काम त्याने स्वतःकडेच घेतलं. रोज सकाळी भरलेलं यंत्र माझ्या लॅपटॉपशेजारी तयार. मी मैत्रिणींना फोन करकरून सांगायचे, असा नवरा मिळायला नशीब लागतं.

मग माझं काय बिघडलं ते कळेना. यंत्र दिवसभर तोंडात, तरी जीव तळमळायचा. मीटिंगमध्ये लोकांवर डाफरले, घरी उगाच रडले, आणि एका दुपारी बस स्टॉपवर अनोळखी माणसाकडे सिगारेट मागितली. समीरला सांगितलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "तुझ्यातच जिद्द कमी पडते गं." मी मान खाली घातली. पटलंच होतं मला.

त्याच आठवड्यात तो कामासाठी बाहेरगावी गेला, म्हणून दुकानात मी गेले. बाई म्हणाली, "तुझा नवरा महिनाभर तीनच नेतोय. इतक्या लवकर उतरलीस?" घरी कपाटात बाटली तर बाराचीच होती. त्या जुन्या बाटलीत तो तीनचं लिक्विड ओतून ठेवत होता.

परत आल्यावर त्याने नाकारलं नाही. "याचीच सवय लागेल म्हणून मी घाबरलेलो गं. तुझ्या आईंनीच सुचवलं. म्हणाल्या, हळूच पातळ कर, तिला कळणारपण नाही."

माझी आई. जिला यातलं काहीच माहीत नव्हतं, ती.

फोन लावला. आई शांत. "तू निघालीस तेव्हा बोटांना वास येत होता तुझ्या. मला काय कळत नाही? आणि तुला सांगून केलं असतं तर ऐकलं असतंस का?" हिनेच मला दर रविवारी विहारात नेऊन पंचशील पाठ करून घेतलं होतं. नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील मी पाळावं म्हणून हिने खोटं न बोलण्याचं चौथं खुशाल मोडलं. मी तसं म्हणाले. "तुझ्या भल्यासाठीच ना," ती म्हणाली, आणि जेवलीस का विचारलं.

आठ वर्षं मीही लपवलं, हे मला कुणी सांगायला नको. पण मी लपवलं ते माझं होतं. या दोघांनी माझंच माझ्यापासून लपवलं. महिनाभर मी स्वतःला दुबळी समजत होते आणि ही दोघं फोनवर माझ्या दुबळेपणाबद्दल हळहळत होती. त्याचा राग आला, अजून येतो.

मी पुन्हा बारापासून सुरुवात केली. बाटली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, किल्ली माझ्याकडे. समीर वाईट माणूस नाही. सकाळचा चहा अजून तोच करतो, फक्त कप तोंडाला लावताना मी क्षणभर थांबते.

इकडे आलेले आपण चारजण जमलो की घर म्हणजे काय, हा विषय निघतोच. कुणाला आईच्या हातचं आठवतं, कुणाला गॅलरीतली तुळस. मला वाटायचं, जिथे काही लपवावं लागत नाही ते घर, आणि एक दिवस मी त्या घरी जाईन. आता रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आई मोकळेपणाने विचारते, "कितीवर आलीस गं?" समीर शेजारी कान देऊन असतो. "सहा," मी सांगते. दोघांचे चेहरे खुलतात. खरं तर बाटलीसुद्धा सुटून दीड महिना झाला. ही बातमी धावत जाऊन सांगावी असं घर मला आठवतच नाही.