तीन रांगा

मेहबूबभाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते शाळेच्या वाचनालयात. भवानी पेठेतल्या, मी शिकवायचो त्या शाळेची फाटकी पुस्तकं बांधायला ते आले होते. शिवण्याआधी पानांचा गठ्ठा टेबलावर हलकेच आपटून ते कडा जुळवत. एक पान बाहेर राहिलं तरी पुन्हा सगळा गठ्ठा आपटत. मी म्हटलं, मुलं पुन्हा फाडणारच आहेत. त्यांनी गठ्ठा पुन्हा आपटला.

त्यांचा धाकटा भाऊ नासिर दारू प्यायचा. १९८७च्या उन्हाळ्यात तो दारूनेच वारला. मेहबूबभाई मशिदीतल्या मौलानांकडे गेले. मौलाना कठोर नव्हते. त्यांनी सांगितलं, पापी असला तरी तो मुसलमान होता, दफनाआधी त्याच्या जनाज्याची नमाज व्हायलाच हवी. फक्त ती आपण स्वतः पुढे उभं राहून पढवणार नाही, मोहल्ल्यातल्या पोरांना जरब बसावी म्हणून. सख्ख्या भावाने पढवावी, इतरांनी जावं.

इतरांनी मात्र मौलाना येत नाहीत एवढंच ऐकलं. शेजारचा नियाज दारातूनच म्हणाला, "त्याला खांदा द्यायचा म्हणजे आपलाही झोक जायचा." कुणी हसलं नाही, पण कुणी चपलाही घातल्या नाहीत.

खांद्याला माणूस कमी पडत होता, म्हणून मी गेलो. नमाजेच्या वेळी बाजूला उभा राहिलो. मेहबूबभाईंच्या मागे सहाच जण होते. एका ओळीत सहज मावले असते. पण मागे तीन रांगा झाल्या तर मेलेल्याला माफी मिळते, असं त्यांनी वडिलांकडून ऐकलं होतं. त्यांनी दोघादोघांच्या तीन रांगा केल्या आणि एकेकाचा खांदा धरून त्या सरळ केल्या. शेवटचा म्हातारा जरा पुढे सरकला होता, त्याला मागे घेतलं. मगच ते पुढे जाऊन उभे राहिले. चार वेळा 'अल्लाहु अकबर' म्हणून त्यांनी नमाज पुरी केली.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, पुस्तक शिवता शिवता त्यांनी मला विचारलं, "सर, दोन माणसांची रांग धरतात का हो?"

मी म्हटलं, मौलानांना विचारा.

"नाही म्हणाले तर?"

मौलाना आता नाहीत. मेहबूबभाई ऐंशीच्या घरात आहेत, नीट दिसत नाही म्हणून बांधणीचं काम सोडलंय. पेठेत कुणाचाही जनाजा निघाला की ते जातात आणि शेवटच्या रांगेत उभे राहतात.