रोज येणारं वादळ

उल्का हवामानशास्त्र शिकली पुण्यात, आणि शिकलेलं सगळं नोएडातल्या एका वृत्तवाहिनीत मातीमोल झालं. रोज दुपारी ती दिल्लीचा अंदाज लिहायची आणि कॅमेऱ्यासमोर स्वतःच वाचायची. पण लिहिलेलं आणि वाचलेलं एक असेल तर शपथ! ती लिही, ‘आकाश निरभ्र, किंचित वारा.’ मग संपादक सक्सेना त्यावर हात फिरवत आणि पडद्यावर लाल पट्टी झळके, ‘दिल्ली पर तूफ़ान का कहर!’

“सर, तूफ़ान बीकानेर में है. यहाँ नहीं आएगा.”

“नहीं आएगा बोलेंगे, तो देखेगा कौन, मॅडम?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. पण दुसऱ्या वाहिन्यांत तरी काय, पळसाला पाने तीनच. ती दात-ओठ खात वाचून टाकी.

ती दिल्लीत राहायची त्या मयूर विहारच्या सोसायटीत तिची थट्टा ठरलेली. लिफ्टमध्ये कुणीतरी विचारीच, “आज कब उड़ेंगे, मॅडम?” वडील गेल्यावर तिच्याकडे राहायला आलेली तिची आई, शालिनीताई, हिनं तर सोपा नियमच केला होता. उल्का वादळ म्हणाली, की त्या दिवशी गच्चीवर वाळवण घालायचं.

मे महिन्यातल्या एका दुपारी रडारवर रोहतककडून ढगांची जाड रांग दिल्लीकडे सरकताना दिसली. या वेळी मात्र खरं होतं. उल्कानं घरी फोन लावला.

“आई, गच्चीवर असशील तर आत्ता खाली ये. मोठं वादळ येतंय.”

“अगं, कुरडया ओल्या आहेत अजून. ऊन बघ कसं रणरणतंय!”

“खरंच येतंय गं!”

“परवाही खरंच येत होतं. ठेव फोन, कामं आहेत मला.”

थोड्याच वेळात भरदुपारी अंधारलं. वाऱ्यानं कुरडयांचं प्लॅस्टिक उचललं, आणि ते धरायला धावलेली शालिनीताई पाण्याच्या टाकीवर आदळली. मनगट मोडलं. कुरडया कुठल्या कुठे गेल्या. इस्पितळात उल्काला आईचा राग आला, सक्सेनांचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

चार दिवसांनी संध्याकाळी दोघी टीव्हीसमोर बसल्या होत्या. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. दुपारी चित्रित केलेला अंदाज लागला, आणि पडद्यावरची उल्का डोळे विस्फारून सांगू लागली, अगले कुछ घंटे दिल्ली पर भारी!

शालिनीताईनं प्लॅस्टरमधला हात छातीशी धरला. “खिडक्या लाव गं लवकर!”

“नाही येत आई. आज काहीसुद्धा नाही येत.”

आईनं एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

“मग ती खोटं बोलतेय?”

उल्का उठली आणि एकेक खिडकी लावू लागली.