भोंग्यावरचं एक वाक्य

२००१ च्या एप्रिलमध्ये, आमच्या गावच्या यात्रेत, मी हलगी वाजवली. गाव कळंबच्या पश्चिमेला. माझं वय बावीस. बी.एस्सी. झालेलं. हलगी मला वाजवता येत नव्हती.

आमचं घर मांगवाड्यातलं. यात्रेत बैलगाड्यांची शर्यत होते. ती जिथं पळते त्या चढाला आमच्याकडे घाट म्हणतात. घाटाच्या तोंडाशी हलगी वाजवायची ती आमच्या घराने. वडिलांनी वाजवली, त्यांच्या वडिलांनी वाजवली. वडील गेले आणि आईने हलगी पोत्यात घालून खुंटीला टांगली. "आता कुनाच्या दारात वाजायची न्हाई," म्हणाली.

त्याच सुमारास ती ख्रिस्ती झाली. मंचरच्या एका खासगी दवाखान्यात ती झाडलोट करायची. तिथल्या नर्सबाई एकदा तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि तिच्या डब्यातली भाकरी मोडून खाल्ली. आई चाळिशीला आली होती. मांगवाड्याबाहेरच्या कुणी तिच्या हातचं खाल्ल्याची ही पहिली वेळ. बाईंना तिने विचारलं, असं का? बाईंनी येशूचं नाव सांगितलं. पुढच्या रविवारी आई त्यांच्याबरोबर प्रार्थनेला गेली. नंतर दर रविवारी.

मी चौदाव्या वर्षापासून तिच्याबरोबर जायचो. गाणी म्हणायचो, पेटी वाजवायचो. तिथं लोक मला 'या, बसा' म्हणायचे. त्यासाठी जायचो. आईला वाचता येत नाही, म्हणून दर शनिवारी तिच्या बायबलच्या पुस्तकातलं पान मोठ्याने वाचायचो. कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर मात्र हिंदू मांग लिहिलं. दाखल्यावर तसंच होतं.

त्या वर्षी राखीव जागेवर माझी प्रयोगशाळा सहायक म्हणून निवड झाली. ख्रिस्ती झालेल्या मांगाला ती जागा मिळत नाही. जातीच्या दाखल्याची चौकशी गावात येऊन होणार होती. गावच्या माणसाचा जबाब लागणार होता. मी माजी सरपंचांकडे गेलो. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. ते ओट्यावर बसले होते. मी खाली उभा होतो.

"तुझी आई बाटली, गाव बोलतंय," आप्पा म्हणाले. "मी काय लिहून देऊ?"

मी दाखला पुढं केला.

"मांगाचा हायस ना? मग यात्रेला वाजव. गाव बघंल. मीबी बघंन."

मी हो म्हणालो.

यात्रेच्या दुपारी खुंटीवरची हलगी काढली. आई चुलीपाशी होती. तिने बघितलं. चुलीत लाकूड सारलं.

हलगीचं कातडं सैल पडलं की ते जाळावर शेकावं लागतं. घाटाच्या कडेला मी काटक्या पेटवल्या. हलगी जाळावर धरून बसलो होतो. माईकवर बोलणारा निवेदक दहावीला माझ्या वर्गात होता. तो जवळ आला.

"पावणं, ऐका! आज किरिस्तावाचं घर वाजवतंय. काय राव, येशू सोडला का काय?"

लोक हसले. त्याने माईक माझ्या तोंडाशी धरला. मी बोललो ते वाक्य असं:

"येशू-बिशू आईचं येड हाय. मी न्हाई मानत."

जोरात हशा झाला. कुणीतरी शिट्टी मारली. मीही हसलो.

मग वाजवली. ठेका चुकत होता. दोन बाऱ्या, म्हणजे गाड्यांच्या दोन फेऱ्या, झाल्यावर आप्पांनी खोबऱ्याचा तुकडा दिला. हातात दिला नाही. हातभर वरून टाकला. मी ओंजळ पसरली होती. तुकडा मातीत पडला. मी तो उचलला, पुसला आणि त्यांच्यासमोर खाल्ला.

यात्रेचे भोंगे गावभर बांधलेले असतात. एक आमच्या घरासमोरच्या लिंबाला होता.

घरी आलो. आई भाकरी थापत होती.

"बोटं दाव."

काडी घासून दोन बोटांना फोड आले होते. तिने खोबरेल लावलं. ताट वाढलं. जेवणाआधी ती रोज प्रार्थना करते. शब्द ठरलेले: ह्या अन्नाला आशीर्वाद दे, माझ्या पोराला सांभाळ. आज ती मला गाळेल असं मला वाटलं. तिने गाळलं नाही.

मला जेवण गेलं नाही.

त्या आठवड्यात मी मनातल्या मनात आप्पांना शिव्या दिल्या. खोबऱ्याचा हिशेब मांडला, ओट्याचा मांडला. वाक्यापाशी आलो की थांबायचो. आप्पांनी हलगी मागितली होती. वाक्य मागितलं नव्हतं. ते कुणीच मागितलं नव्हतं. ते मी दिलं.

रविवारी आई एकटी गेली. मी पुस्तक उघडलं. ती गोष्ट मी तिला किमान दोनदा वाचून दाखवली होती. येशूला धरून नेलंय, आणि शेकोटीपाशी ऊब घेत बसलेला त्याचा शिष्य. 'तू त्याच्या माणसांतलाच ना?' तीनदा विचारतात. तीनदा तो नाही म्हणतो. मग बाहेर जाऊन रडतो. मी पुढं वाचत गेलो. ज्याला त्याने नाकारलं, तोच येशू मरणातून उठून परत येतो. तळ्याच्या काठी निखाऱ्यावर मासे भाजतो आणि त्याला जेवायला बोलावतो. मग काम सांगतो. तू असं का बोललास, हे विचारत नाही.

इतकी वर्षं मी हे नुसतं तोंडाने वाचत होतो. त्या दिवशी त्या शेकोटीपाशी मी होतो. पहिल्यांदा एकट्याने प्रार्थना केली. "मी खोटं बोललो," एवढंच म्हणालो. लाज गेली नाही. पण त्या लाजेसकट मला कुणीतरी जेवायला बोलावलं होतं, याची खात्री झाली.

आई आली. मी म्हणालो, "आई, मी त्याला नाकारलं. तुला येडी म्हणालो."

"ऐकलं मी."

"चुकलो."

"त्याला सांगितलं का?"

"सांगितलं."

"मग चार लोकांत बोलला व्हतास, चार लोकांत सांग."

चौकशी जूनमध्ये झाली. ग्रामपंचायतीच्या खोलीत अधिकारी, आप्पा आणि गावातले दहाबारा लोक होते. आई दारात उभी होती. आप्पांनी जबाब दिला: मुलगा रीतीप्रमाणे वागतो, यात्रेत हलगी वाजवली. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "धर्म कोणता पाळता?"

"ख्रिस्ती."

त्यांनी पेन थांबवलं. "विचार करून सांगा. दाखला जाईल. नोकरीही जाईल."

"लिहा."

आप्पा उठले. "आरं येड्या, वाजवलीस ना यात्रेला?"

"वाजवली. माईकवर खोटंही बोललो. तेही लिहा."

कुणी हसलं नाही. मी आणखी एक सांगितलं. आमचं घर मांगवाड्यातच आहे. पाणी अजून वेगळ्या टाकीवरूनच भरतो. गावाने आमची जात कधीच काढून घेतली नाही, कागद काढून घेणार आहे. तेही लिहा, म्हणालो. अधिकाऱ्यांनी ते लिहिलं नाही.

मी सही केली. आई दारातून आत आली.

"माझाबी अंगठा घ्या."

"तुमची गरज नाही, मावशी."

"घ्या."

निवड रद्द झाल्याचं पत्र ऑगस्टमध्ये आलं. त्याआधी, जुलैत, मंचरच्या प्रार्थनेत माझा बाप्तिस्मा झाला होता. जबाबाची नक्कल मी मागून घेतली. धर्माच्या रकान्यात 'ख्रिस्ती' आहे. खाली माझी सही आहे. सहीशेजारी आईच्या डाव्या हाताचा अंगठा आहे.