एकही ओरखडा नसलेला पाय

आमच्या भागात रस्त्याने कुणी चालताना दिसलं की गाडी थांबवायचीच, असा अलिखित कायदा आहे. "कुठं निघालाव? बसा की!" नाही म्हटलं तर त्यांना वाटतं, ही आपल्या गाडीला नावं ठेवते. त्यामुळे मी बारामतीहून इंदापूरला चालत निघाले तेव्हा माझं खरं भांडण रस्त्याशी नव्हतंच. ते या मायाळू लोकांशी होतं.

माझा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. खरा पाय उसाच्या ट्रॉलीखाली गेला, त्याला बरीच वर्षं झाली. ज्या शाळकरी मुलांना असे पाय हवेत त्यांच्यासाठी मदत गोळा करायची, म्हणून ही पदयात्रा. मदत देणाऱ्यांना मी शब्द दिला होता की सगळी वाट चालतच जाईन. धाकटा भाऊ गाडी घेऊन मागून येत होता. सणसरच्या पुढे मी मोरीच्या कठड्यावर टेकले, पाय काढला, आतला घाम पुसला, मोजा बदलला. तेवढ्यात हा काच खाली करून म्हणाला, "आक्का, थोडं बस गाडीत. कोण बघतंय?"

"मी बघतीय की," म्हटलं आणि पट्टा आवळला.

इंदापूरला मी पोचले. पण सांगायचं आहे ते वाटेतल्या निमगाव केतकीचं. तिथल्या शाळेत मुलांना भेटायचं ठरलं होतं. गावाबाहेर पाहते तर केळीचे खुंट बांधलेला ट्रॅक्टर, ट्रॉलीत गादी, पुढे हलगी. शाळेच्या समितीतले वयस्कर तात्या हात जोडून उभे. पाहुणीला ट्रॉलीतून वाजतगाजत न्यायचा बेत होता. ट्रॉलीत नववीतली एक मुलगी ओवाळणीचं ताट घेऊन बसली होती. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

"तात्या, मी न्हाय बसायची."

"आवं असं कसं? गावाचा मान हाय."

"मान चालत चालत पण घेता येतो."

तात्यांचं तोंड उतरलं. मी चालायलाच लागले. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये कण्हत माझ्यामागून निघाला. हलगीवाल्याला मात्र मजा वाटली असावी, तो माझ्या पावलांशी ठेका जुळवत राहिला.

शाळेच्या पटांगणात पोरं रांगेत बसली होती. त्या मुलीला तिच्या वडिलांनी अलगद उचलून पुढच्या बाकावर ठेवलं. नंतर ते बाजूला, भिंतीशी उभे राहिले. माझ्याबद्दल बरंच काही गोड बोललं गेलं. मला ते ऐकवेना, म्हणून मी मध्येच पोरांना म्हटलं, "विचारा काय विचारायचं ते."

"पाय काढून दाखवा की!" मागून एक आवाज आला. गुरुजींनी डोळे वटारले.

मी खुर्चीवर बसून पाय काढला आणि पोरांच्या हातात दिला. तो रांगेरांगेतून फिरला. कुणी वजन करून पाहिलं, कुणी टकटक वाजवलं, एकाने तर वास घेऊन नाक मुरडलं. पायावर चिकटपट्टी होती, ओरखडे होते, तळव्याला वाळलेला चिखल होता. फिरत फिरत तो नववीतल्या त्या मुलीकडे आला. तिने त्याच्यावरून हात फिरवला.

"तुमचा लई खराब झालाय," ती कीव येऊन म्हणाली. "माझ्या पायावर एक ओरखडा न्हाय."

"कुठाय तुझा?"

"घरी. कपाटात."

वडील हौसेने पुढे आले. "शिबिरात मिळालाय. लई भारी हाय. गेल्या साली मामाच्या लग्नात घातला व्हता, मग पुसून परत पिशवीत ठेवला. रोज कशाला झिजवायचा? मी हाय की उचलायला."

आमची माणसं मला ठाऊक आहेत. नव्या सोफ्याचं प्लास्टिक फाटून जाईल, पण कुणी काढणार नाही. चांगली वस्तू आली की ती जपायची. पण मुलीचा पाय? माझं डोकंच फिरलं.

"पाय म्हंजे काय पैठणी हाय व्हय, कपाटात घडी घालून ठेवायला? आणा तो. आत्ता आणा."

"आक्का, जरा हळू," भाऊ कुजबुजला. मी हळू बोलणार नव्हते.

वडील मोटारसायकलवरून पिशवी घेऊन आले. पाय खरंच कोरा करकरीत होता. मुलीने तो घालायला घेतला. आत जाईना. दात-ओठ खात तिने तो कसाबसा कोंबला आणि माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. टाच जमिनीला टेकेना. वर्षभरात पोर वाढली होती, पाय तेवढाच राहिला होता.

वडील खाली बसले. दोन्ही हातांनी तो पाय ओढून जमिनीला टेकवू लागले.

"पुरत न्हाय," ते म्हणाले. "किती जपला व्हता..."

मला त्यांची दया आली. पोटातून आली. तरी मी 'असू द्या' म्हटलं नाही. असू देण्यासारखं त्यात काही नव्हतं.

ते उठले आणि सवयीने तिला उचलायला वाकले. तिने त्यांचे हात बाजूला केले.

"नगं, पप्पा." मग मला विचारलं, "नवा मिळंल?"

"मिळंल. पहिलं माप तुझंच घ्यायचं."

"मग त्यो मी रोज घालणार. उसाच्या पाटात, चिखलात बी."

"अगं, खराब हुईल," वडिलांच्या तोंडून निघून गेलं.

"हुऊ द्या," ती म्हणाली. "खराब झालाच पायजे."