जमैकाची कॉफी आणि डोंबिवलीचे बाबा

माझ्या नवऱ्याला चाळिशीत कॉफीचं वेड लागलं. बाकीच्यांना मॅरेथॉनचं लागतं, याला कॉफीचं. जन्मभर चहा पिणारा माणूस, पण दुबईच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी नादाने वजनकाटा, निमुळत्या चोचीची किटली आणि हाताने फिरवायची चक्की घेऊन आला. मग एक दिवस गोणपाटाची चिमुकली पिशवी आली. जमैकाच्या ब्लू माउंटनची कॉफी. तिथल्या डोंगरावर म्हणे सदा धुकं, त्यामुळे फळ सावकाश पिकतं आणि कॉफीला कडूपणा जेमतेम. हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलंय की शारजात बसून मला त्या धुक्याने सर्दी होते. किंमत मी विचारली नाही. विचारली असती तर लगेच तिचे रुपये करून बघितले असते आणि भांडण झालं असतं.

सासूबाई गेल्यावर आम्ही माझ्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, डोंबिवलीहून शारजात, अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. कायमचं, निदान आमच्या मनात तसं होतं. बाबांच्या मनात काय होतं ते कळेना. सकाळी अंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून ते सोफ्याच्या अगदी कडेला बसायचे. टीव्ही लावायलाही विचारायचे. कपाट रिकामं करून दिलं होतं, तरी कपडे बॅगेतच. आणि दर दोन-तीन दिवसांनी मुलाला म्हणायचे, "परतीचं तिकीट बघतोयस ना रे?"

नवऱ्याच्या जिवाला ते फार लागायचं. तो बोलणाऱ्यातला नाही, म्हणून त्याने घरातली सगळ्यात मोलाची वस्तू पुढे केली. रोज ट्रॅफिकच्या आधी निघायची घाई असताना तो बाबांसाठी दाणे तोलायचा, दळायचा, बारीक धारेने पाणी ओतायचा आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपात ती काळी कॉफी त्यांच्या हातात द्यायचा. ना दूध, ना साखर. "आजोबा, डोंट मेक दॅट फेस!" म्हणून आमची लेक खिदळायची. बाबा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे, "छान आहे" म्हणायचे, आणि पुन्हा तिकिटाचं काढायचे.

"खलास, काढतो तिकीट. करमत नाही तर जबरदस्ती कशाला?" असं मला म्हणून एका सकाळी नवरा घराबाहेर पडला. त्याचे डोळे भरले होते, म्हणून मी तोंडाला कुलूप घातलं. एरवी मला ते जमत नाही.

त्या दिवशी मी घरून काम करत होते. मीटिंगच्या आधी आलं ठेचून माझ्यापुरता चहा टाकला, तर बाबा स्वयंपाकघराच्या दारात.

"जरा चहा मिळेल का गं?"

"अहो बाबा, विचारताय काय? पण तुम्ही तर कॉफी घेता ना?"

"घेतो की. तो इतक्या प्रेमाने देतो." त्यांनी उकळत्या चहाकडे पाहिलं. "पण आपल्याकडे चहा घरच्यांचा, कॉफी पाहुण्यांची. कुणी आलं की तुझी सासू जायफळ घालून करायची. इथे मला रोज कॉफी, तीही चांगल्या कपात. म्हटलं, पोरगा एवढा मान ठेवतोय, तर आपणही पाहुण्यासारखं वेळेत निघावं."

मला हसू आलं आणि रडूही, रडू जास्त. मी रोजच्या पेल्यात चहा ओतला आणि जवळजवळ ओरडलेच, "पाहुणे म्हणे! चहा घ्या आणि खालच्या ग्रोसरीतून कोथिंबीर घेऊन या. आणि दुपारी नातीला बसवरून आणायला तुम्हीच जायचं. मी दमते."

बाबांनी भुरका मारला. "जुडी निवडून घ्यायला हवी," म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

नवऱ्याला फोन करून सगळं सांगितलं. मागे हॉर्न वाजत होते. मग तो म्हणाला, "मी गाढव आहे." मी दुजोरा दिला.

तिकीट काढलं नाही. बाबांनीही विषय काढला नाही, पण त्यांनी राहायचं ठरवलंय की नुसतं आमचं मन राखतायत, ते समजेना. सरळ विचारायची आमची दोघांची छाती नव्हती.

रविवारी समोरच्या फ्लॅटमधला मल्याळी शेजारी सहज डोकावला. बाबा उठून स्वयंपाकघरात गेले. मिक्सरची घरघर ऐकून नवरा धावला, मागोमाग मी. जमैकाचे उरलेसुरले दाणे भरड होऊन दुधात रटरटत होते, वरून साखर आणि वेलची. जायफळ तेवढं नव्हतं; इकडे त्याला बंदी, विमानतळावर भानगड नको म्हणून मीच आणू दिलं नव्हतं. नवऱ्याने आ वासला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

बाबांनी कप शेजाऱ्यापुढे ठेवला आणि आपला चहा घेऊन, पाय वर घेऊन सोफ्यावर ऐसपैस बसले.

"अंकल, कितने दिन के लिए आए हैं?" शेजाऱ्याने विचारलं.

नवऱ्याने माझा हात घट्ट धरला.

"आये तो आप हैं," बाबा म्हणाले. "मैं तो इधर रहता है. लीजिए, कॉफी लीजिए."