तळ्याजवळची बेकरी

कोणी घरी मिठाईचा डबा घेऊन आलं की मी आधी आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. कोलकात्यातल्या एका इंग्रजी दैनिकात शहराच्या बातम्या देण्यात उभी हयात गेली, त्याचा हा परिणाम. भाजीवाल्याने जास्तीची कोथिंबीर टाकली तरी मी भेंड्या पुन्हा तपासते.

त्यामुळे आमच्या मराठी मंडळातल्या एका गृहस्थांचा फोन आला तेव्हा मी सावध झाले. "वहिनी, मुलगी तुमच्याकडे येतेय. पत्रकारितेचं खूळ शिरलंय डोक्यात. मंगळवारी कोर्सच्या अर्जाची मुदत संपते. जरा नीट सांगा तिला." या 'नीट'चा अर्थ मला लगेच कळला. मुलीचं मन वळवायचं काम माझ्या गळ्यात मारलं जात होतं.

रविवारी सकाळी ती बालीगंजच्या आमच्या फ्लॅटवर आली. वीस-एकवीस वर्षांची, लहानपणापासून इथेच वाढलेली. हातात मिठाई नव्हती, वही होती. तिने फोन टेबलावर ठेवला तशी मी म्हटलं, "रेकॉर्डिंग नको, तो पिशवीत टाक आधी." ती हसली, पण तिने टाकला.

मग मी सल्ला द्यायला बसले. खरं सांगायचं तर मला ते फार आवडतं. म्हटलं, कोणी आपणहून बातमी सांगायला आलं तर त्याला काय हवंय ते आधी बघ. प्रेस नोटमध्ये काय लिहिलेलं नाही ते शोध. साहेब फार गोड बोलले तर बाहेर येऊन शिपायाला विचार. आणि जिथली बातमी, तिथे स्वतःच्या पायांनी जा. ती भराभर लिहून घेत होती.

"काकू, तुम्ही नेहमी जायचात?"

"नेहमी," मी म्हटलं. पापणीसुद्धा लवली नाही माझी.

तिने वहीतून एक छापील कागद काढून माझ्यापुढे सरकवला. बरीच वर्षं जुनी बातमी होती, वर माझं नाव. शहरातल्या बेहाला भागातली एक बेकरी भेसळीमुळे सील.

मी तो कागद पालथा घातला. आमच्यात एक रीत होती, अजूनही आहे. एकाच क्षेत्राच्या बातम्या देणारे आम्ही वेगवेगळ्या पेपरांतले चार-पाच जण. घटनास्थळी एकच जण जायचा आणि बाकीच्यांना टिपणं पाठवायचा. आम्ही त्याला सहकार्य म्हणायचो. त्या दिवशी गेलेल्याने 'तळ्याजवळची बेकरी' एवढंच कळवलं. नाव हवं होतं, म्हणून मी ऑफिसातून बेहालातल्या एका ओळखीच्या दुकानदाराला फोन केला. त्याने जुन्या, नावाजलेल्या बेकरीचं नाव सांगितलं. तळ्याच्या पलीकडच्या काठाला दुसरी बेकरी होती आणि सील तिला ठोकलं होतं, हे ना त्याने सांगितलं, ना मी विचारलं. ते नाव मी सगळ्यांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी चार पेपरांत तेच नाव बघून मला वाटलं, चला, चौघांनी छापलंय म्हणजे पक्कंच. माझंच नाव माझ्याकडे परत आलं होतं. तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर, अगदी खाली, दोन ओळींची दुरुस्ती छापली आणि आम्ही पुढच्या कामाला लागलो.

"बाबांनी शोधायला लावलं ना हे?" मी विचारलं.

"बाबांना माहीत नाही. मी तुमच्या जुन्या बातम्या वाचत होती. मग दुरुस्ती पण दिसली. काल मेट्रोने जाऊन आली तिथे."

"आहे अजून बेकरी?"

"आहे. मालक आता म्हातारे झालेत. ते म्हणाले, पेपरवाल्यांपैकी इथे आलेली तू पहिलीच." तिने पेन खाली ठेवलं. "काकू, मला अर्ज भरायचाय. पण तुमच्यासारखी माणसं पण खोटं बोलतात तर मग नको वाटतं."

मला तिचा राग आला. माझ्याच घरात बसून माझीच उलटतपासणी! आणि मग लाज वाटली, रागापेक्षा कितीतरी जास्त. मी जन्मभर सगळ्या गावावर संशय घेतला. माझ्या हातून गेलेल्या त्या नावावर मात्र कधी घेतला नाही.

"मी गेले नव्हते," मी म्हटलं. "तेव्हाही नाही आणि चूक कळल्यावरही नाही."

तिने ते लिहून घेतलं. "अर्जासोबत स्वतः लिहिलेली एक बातमी द्यायची आहे. ही देऊ? तुमच्या नावासकट?"

"दे," मी म्हटलं.

संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला, "सांगितलंत ना नीट?" मी म्हटलं, सांगितलं. ती अर्ज भरतेय हे त्यांना तिच्याकडूनच कळू दे, असं मी ठरवलं.

सोमवारी मी बेहालाला गेले. माफी कशी मागायची ते वाटेत घोकलं होतं. काउंटरमागे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी मांडलेल्या पावांकडे बघितलं आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "आजचेच आहेत ना?"

भिंतीवरचा प्लॅस्टिकमध्ये मढवलेला कागद त्यांनी खिळ्यावरून काढला आणि माझ्यासमोर धरला. आमच्याच पेपरातल्या दुरुस्तीच्या त्या दोन ओळी होत्या.

"वाचा, दीदी," ते बंगालीत म्हणाले. "ती बेकरी आमची नव्हती."